रामकिशनच्या जीपची शिट्टी

३ मार्च, सोमवार

ऑइलच्या दुकानदारानं यंदाही डायरी दिली. पहिल्या पानावर महादेव, शेवटच्या पानावर त्याच्या दुकानाची जाहिरात, मध्ये सगळी पानं कोरी. दोन महिने कपाटात पडून होती. आज उघडली, कारण बोलण्यासारखा माणूस लातुरात उरलेला नाही. जे आहेत ते एक तर बावळट आहेत, नाही तर पुटपुटतात. तोंड उघडून स्पष्ट बोलायची पद्धतच गेली.

मुरुडच्या रामकिशनच्या काळ्या-पिवळ्या जीपचा टर्बो आज बदलला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो, म्हणून भरलेली गाडी चढ चढते. एवढंही माहीत नसताना लोक गाड्या चालवतात. रामकिशनच्या जुन्या टर्बोचा दांडा बोटानं हलवला तर पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. नवा टर्बो बसवला, गॅस्केट नवं, तेलाची नळी नवी. हवेचा जाड रबरी पाइप मात्र जुनाच चढवला. चांगला होता. आजकालची पोरं बोल्ट सैल दिसला की इंजिन बदलायला सांगतात, मी त्यातला नाही. पाइपाच्या दोन्ही तोंडांवरचे क्लॅम्प, म्हणजे लोखंडी पट्टे, असे आवळले की बापजन्मात सुटायचे नाहीत.

मग लांब पेचकस इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. ठोका सरळ, घरघर नाही. संपलं काम. माझ्या दारावर पाटीच आहे: 'गुरुपादप्पा डिझेल वर्क्स. निदान फक्त कानावर. येथे स्कॅनर लावला जात नाही.' ही पाटी वाचून लातूरचे बाकीचे गॅरेजवाले जळतात. जळू देत.

शेवटी वडिलांची रीत पाळली. नव्या कामावर तीन बोटं विभूती ओढल्याशिवाय आमच्या दारातून गाडी जात नाही. टर्बोवर ओढली, पाइपाच्या वरच्या तोंडावर ओढली, खालच्या तोंडावर ओढली. गुरम्मा उदगीरला लेकीकडं गेली आहे, उद्या येईल. चहा स्वतःच केला. बरा झाला, पण तिला सांगणार नाही.


५ मार्च, बुधवार

रामकिशन परत आला. चेहरा असा, जणू मी त्याला गाडीच्या जागी गाढव दिलं.

"अप्पा, शिट्टी येऊन राहिलीय."

"कशाची?"

"गाडीची. मान्सं भरली आन् रेस दिली की लई जोरात. पिकअप बी न्हाई पयल्यासारखा. काळा धूर फेकतीय."

शेजारी बसून मुरुड रस्त्यानं चक्कर मारली. इंजिनाचा गडगडाट, पत्र्याचा खडखडाट, मागच्या दाराची कडी, सगळं मला स्वच्छ ऐकू येत होतं. शिट्टी नाही. हा मात्र "ही बगा, ही!" म्हणून हवेत बोट दाखवत राहिला. ड्रायव्हर लोकांना नवा भाग बसवला की नवा आवाज यायलाच हवा असं वाटतं. मी त्याला म्हटलं, तुझे कान दाखवून घे.

गॅरेजात आलो तर गुरम्मा चहा घेऊन उभी. हिची एक खोड आहे. घर गॅरेजच्या मागंच, पण चहा नेमका इंजिन चालू असतानाच आणायचा. मग कोपऱ्यात उभं राहून हनुवटी हलवायची, कधी डावीकडं, कधी खाली. मी तिकडं लक्ष देत नाही. मला जिथून काम सुरू करायचं तिथूनच करतो, बहुतेक वेळा ते तिकडंच असतं, ही गोष्ट वेगळी. आज मात्र बाईनं तोंडच उघडलं. गिऱ्हाइकासमोर!

"व्हय की ओ, शिट्टी येतीय. खालून, त्या..."

"गप!" मी ओरडलो. रामकिशन पायाकडं बघायला लागला. एवढ्या वर्षांत माझ्या कामात कुणी तोंड घातलं नाही, आणि आता घरातूनच सुरुवात. सांगून टाकलं, उद्यापासून गॅरेजात पाऊल टाकायचं नाही. चहा थर्मासात भरून दारात ठेवायचा. ती काही बोलली नाही. बोलली असेल तर पुटपुटली असेल.


६ मार्च, गुरुवार

वरण जळालं. गुरम्मा शेजारच्या नागुबाईकडं जाताना सांगून गेली, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी पुढच्या खोलीत डायरी घेऊन बसलो होतो. एकही शिट्टी झाली नाही. धुराचा वास आला तेव्हा ती धापा टाकत आली.

"तिकडं मला सात ऐकू आल्या म्हून पळत आले!"

म्हटलं, नागुबाईचाच कुकर असेल. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि भांडं घासायला घेतलं. हल्ली कुकर बनवणारेही चोर झाले आहेत. चकचकीत करून विकायचं, वाजलं नाही तरी चालतं.

सोनार तर त्याहून चोर. सायंकाळी आमच्या स्वप्नालीनं उदगीरहून फोनवर नात दाखवली. चांदीचे पैंजण घालून पोरगी पलंगावर उड्या मारत होती आणि पैंजण मुके. मी म्हटलं, सोनारानं फसवलं तुला, घुंगरात खडेच नाहीत. स्वप्नाली हसली, मग आईकडं बघितलं आणि गप्प झाली. जावयाचा पैसा गेला, मला काय.


८ मार्च, शनिवार

रामकिशन ऐकायला तयार नाही, म्हणून टर्बो पुन्हा उतरवला. पंखा सरळ, दांडा घट्ट, गॅस्केट जागेवर. कुठंही खोट नाही. पुन्हा बसवला. काळ्या धुराचं म्हणाल तर त्याचं कारण डिझेल. कुठल्या पंपावर भरतो विचारलं तर म्हणे रोजच्याच. मग तेच.

एक गोष्ट लिहून ठेवतो. सोमवारी लावलेली विभूती टर्बोवर तशीच होती, पाइपाच्या वरच्या तोंडावरही होती. खालच्या तोंडावरची मात्र साफ गेलेली. उलट तिथं तेलाचा बारीक ओघळ. मडिवाळप्पाच्या दुकानातून आणलेली विभूती आहे. पूर्वी त्याचा बाप देवाच्या नावानं शुद्ध माल विकायचा, हा राखेत काय कालवतो देव जाणे. पुसून पुन्हा लावली. भरलेली गाडी त्यानं मुरुडला नेऊन आणली, पुन्हा तिथलीच गेली. देवाच्या वस्तूतही भेसळ करणाऱ्या माणसाला काय म्हणावं?


११ मार्च, मंगळवार

आज तमाशा झाला. रामकिशन आपल्या पोरीला, ऋतुजाला, घेऊन आला. तिला डॉक्टर व्हायचं आहे. तिच्यासारख्या मुरुडच्या पोरी रोज त्याच्या जीपमधून लातूरला क्लासला येतात. तो धंदा त्याचं पोट आहे आणि त्याच जीपमध्ये त्याची पोरगीही बसते, एवढं मला मान्य.

पोरगी माझ्याकडं न बघता म्हणाली, "आजोबा, क्लासमधी आमच्या गाडीला कुकर म्हणून राहिलेत सगळे. पोरी कानात कापूस घालून बसतेत."

"कापूस घालून बसल्यावर अभ्यास चांगला होतो," मी म्हटलं.

रामकिशन हसला नाही. काल सकाळी भरलेली गाडी चढावर दमली, पहिल्या गिअरलाही वर जाईना, मागून एसटी हॉर्न देत अंगावर आली, पोरी उतरून पायी चढल्या. दोघींच्या बापांनी सांगितलं, आठवडाभरात गाडी नीट झाली नाही तर पोरी दुसऱ्या गाडीत घालू.

"अप्पा, वाईट वाटून घेऊ नका. म्या रयवारी नांदेडला नेतो. उमाशंकर शेठकडं. त्यांच्याकडं मशीन हाय."

उमाशंकर! माझा मेहुणा. गुरम्माचा धाकटा भाऊ. माझ्या गॅरेजात पाने पुसत मोठा झाला आणि आता नांदेडला काचेचं ऑफिस टाकून बसला आहे. तिथं गाडी बिघडली की आधी माणसाला सोफ्यावर बसवतात. स्कॅनरची वायर लावायची, पडद्यावर आकडे आले की ते वाचून दाखवायचे, याला म्हणे निदान. शाळेत नीट वाचता येत नव्हतं त्याला.

मी भडकलो. म्हटलं, मीच घेऊन येतो गाडी. उमाशंकरनं माझ्या कामात एक खोट काढून दाखवावी, त्याच दिवशी पाटी उतरवीन, गॅरेजला कुलूप लावीन आणि घरी बसून वाती वळीन. रामकिशन "तसं न्हवं ओ अप्पा" करत राहिला, पण शब्द गेला तो गेला. बाहेर दोन माणसं उभी होती, त्यांनीही ऐकला.

घरात जाऊन गुरम्माला सांगितलं. एवढी मोठी गोष्ट, आणि ही काय म्हणते?

"काय बी करा, पन महिनाभर पाटीला हात लावू नका."

म्हणजे मी हरणार हे हिनं धरूनच टाकलं! महिन्यानं उतरवली तर अब्रू कमी जाते का? या घरात माझ्यावर भरवसा असलेला एकटा मीच.


१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. समोरच्या गल्लीतली पोरं रंग उडवत फिरत आहेत. गॅरेज बंद. पाटीखालच्या ओट्यावर पांढरे शिंतोडे पडले आहेत, आणि वाळलेल्या गवताच्या काड्या. शिंतोडे रंगाऱ्याचे असणार, गेल्या वर्षी पाटी रंगवताना त्यानं असाच हलगर्जीपणा केला होता. आता इतक्या दिवसांनी रंग गळतो म्हणजे काय प्रतीचा असेल! काड्यांबद्दल गुरम्माला विचारलं, झाडत का नाहीस? ती वर पाटीकडं बघून हसली. बऱ्याच दिवसांत हसताना दिसली नव्हती, म्हणून पुढं बोललो नाही.

या आठवड्यात दुसऱ्या दोन गाड्याही परत आल्या. एकीचा बेल्ट चिरकतो म्हणे, दुसरीचा ब्रेक. दोन्ही मी नीट तपासून दिल्या होत्या. असं पूर्वी होत नसे. लोक आता एकमेकांचं बघून तक्रारी करायला लागले आहेत.

थर्मासातल्या चहाला चव नसते. इंजिन चालू करतो आणि सवयीनं कोपऱ्याकडं बघतो. तिथं फक्त जुने टायर आहेत.


१६ मार्च, रविवार

नांदेडहून लिहितो आहे, उमाशंकरच्या घरून. त्याच्या बायकोनं मऊ गादी दिली आहे. अशा गादीवर पाठ मोडते.

सकाळी निघालो. मी चालवत होतो, शेजारी गुरम्मा, मागं रामकिशन बसलेला, आणि उमाशंकरसाठी ज्वारीची पोती. गुरम्मा म्हणाली, भावाला भेटून बरेच दिवस झाले, मी येणारच. येऊ दे म्हटलं, गॅरेजात यायला बंदी आहे, गाडीत बसायला नाही. अहमदपूरपासून ती दोन्ही कानांवर पदर दाबून बसली. वारा लागतो म्हणे. काचा बंद होत्या. लोह्याच्या बाजारात माणसं वळून वळून बघत होती, एक म्हातारी रस्त्याच्या कडेला सरकून उभी राहिली, कुत्री तर दूरपर्यंत मागं धावली. परगावची काळी-पिवळी जीप दिसली की लोकांना असंच अप्रूप वाटतं. चढावर गाडी दमत होती, हे मात्र मलाही जाणवलं. पायाला कळतं ते. कानाला काहीच कळलं नाही.

उमाशंकरच्या वर्कशॉपमध्ये सगळ्या माणसांना एकसारखे निळे कपडे. रविवार असूनही यानं चौघांना बोलावून ठेवलं होतं, दाजींची फजिती बघायला. आम्ही आत शिरलो तेव्हा एकानं चक्क कानावर हात ठेवले. शिस्त म्हणून काही नाही.

"या दाजी, या." पाया पडला. पाया पडायला हे लोक चुकत नाहीत. "लांबूनच कळलं तुमी आलात म्हून."

"कसं?"

त्यानं बहिणीकडं बघितलं. "असंच."

वायर लावली. रेस दिली. पडद्यावर रेघा वरखाली झाल्या. मान हलवून म्हणाला, "हवेचा दाब कमी पडून राहिला दाजी. टर्बो नवा हाय तरी हवा इंजिनापर्यंत पोचंना. कुठून तरी चाललीय."

"कुठून?"

"ते मशीन न्हाई सांगत. पोरं सगळं उतरवतील, उद्यापर्यंत कळंल."

बघा. एवढं महागाचं मशीन, आणि उत्तर काय, तर उद्या कळंल. मी हे बोलून दाखवलं. चार निळे कपडे एकमेकांकडं बघून ओठ दाबायला लागले. पण उद्या यांनी खोट काढली तर पाटी उतरणार होती. रामकिशन साक्षीला उभाच होता. मी म्हटलं, काही उतरवायचं नाही, आधी मी ऐकतो.

लांब पेचकस मागितला. रेस द्यायला लावली. टर्बोवर टेकवला, इंजिनावर टेकवला, पत्र्यावर टेकवला. सगळे श्वास रोखून उभे. गडगडाट, नुसता गडगडाट. निळ्यातला एक तोंड वाकडं करून मागं सरकला, रामकिशननं डोळे मिटून घेतले, म्हणजे त्या सगळ्यांना काहीतरी ऐकू येत होतं आणि मलाच नाही. खरं लिहितो, भीती वाटली. या धंद्यात आल्यापासून इतकी भीती कधी वाटली नव्हती.

मान वर केली तर दाराशी गुरम्मा. डोक्यावर पदर, हातात भावजयीनं दिलेला चहाचा कप. भावाच्या पाठीमागं उभी, त्याला दिसत नव्हती. तिनं हनुवटी हलवली. खाली, आणि डावीकडं.

एरवी मी खेकसलो असतो. आज डोळेच तिकडं गेले. पाइपाचं खालचं तोंड. निघताना लावलेली विभूती वरच्या तोंडावर जशीच्या तशी, खालच्या तोंडावर नाही. सगळी नव्हे, फक्त एका बाजूची. बोटभर जागा लख्ख, जणू कुणी फुंकून टाकली आहे.

फुंकूनच टाकली होती. मी ओला हात तिथं धरला. रेस दिली की हवेचा गार पट्टा तळहातावर बसत होता.

"बंद करा," मी म्हटलं. "पाइप फाटलाय. क्लॅम्पाखाली."

क्लॅम्प सोडला. रबराला खाली बारीक चीर, नखाएवढी. दाब आला की तोंड उघडायची, दाब गेला की मिटायची. जुना रबर, त्यावर क्लॅम्प बापजन्मात सुटू नये असा आवळलेला. आवळणारा कोण ते मी कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. उमाशंकरनं नवा पाइप काढून दिला. जोडला, रेस दिली. रामकिशनचा चेहरा उजळला. निळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मानलं दाजी!" उमाशंकर म्हणाला. "मशीन राहिलं बाजूला. कान असावा तर असा."

मी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांना बरंच ऐकवलं, मशीन आणि माणूस यांतल्या फरकाबद्दल. जेवताना पुन्हा ऐकवलं. गुरम्मा खाली मान घालून वाढत होती.


१८ मार्च, मंगळवार

लातुरात परत. रामकिशनची गाडी भरून चढ चढली. त्यानं पेढे आणले आणि येईल त्याला सांगत सुटला, अप्पानं नांदेडच्या मशीनला हरवलं. लोक पाटीकडं बघून माना हलवून गेले. मला आनंद व्हायला हवा होता.

पण एक कुसळ डोक्यात शिरलं आहे. विभूती मी बघितली ते ठीक. ती तर मी आठवडाभर बघत होतो आणि मडिवाळप्पाला शिव्या घालत होतो. तिकडं बघायला लावलं कुणी? आणि ज्या तीन गाड्या परत आल्या, त्या तिन्हींच्या कामाच्या वेळी गुरम्मा गॅरेजात नव्हती, हे कसं?

दुपारी स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसलो. गुरम्मानं विचारलं, काय पायजे? म्हटलं, काही नाही, तू तुझं कर. ती भाकरी थापत होती, पाठ माझ्याकडं. मी कुकरकडं डोळे लावले. थोड्या वेळानं वरची शिटी हलली, उचलली गेली, वाफेचा लोट छपराकडं गेला. मला ऐकू आलं ते एवढंच, कुणी लांबवर पडदा ओढावा तसं. शिटी खाली बसली. गुरम्मानं न बघताच म्हटलं, "एक."

दुसऱ्यांदा वाफ उडाली. तिनं वळून बघितलं आणि मला कुकरकडं बघताना पकडलं. पिठाचे हात तसेच राहिले.

"वाजली?" मी विचारलं.

"वाजली."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

ती सरळ उभी राहिली. "नातीच्या बारशापासून. नागुबाईनं पाळणा म्हणला, बाया हासल्या, चांदीचा खुळखुळा वाजवला. तुमी इचारलं, खुळखुळा मुका का आणला? तवा कळलं. मंग गॅरेजात यायला लागले. तुमाला मोठे आवाज येतेत, बारीकच येत न्हाईत."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तुमी म्हणले, पुटपुटू नको."

लाज वाटली. राग आधी आला, तिच्यावर, मग कुकरवर, मग कुणावरच करता येईना तेव्हा लाज. मी सबंध लातूरला पुटपुटणारं ठरवलं. सोनाराला चोर म्हटलं, ते पैंजण वाजत होते. माझी नात उड्या मारत होती आणि तिचे पैंजण वाजत होते. हे लिहिताना डोळ्यांत पाणी येतं आहे, येऊ दे, डायरी कोण वाचतंय. पंचक्रोशीत सगळ्यांना मूर्ख समजणारा माणूस स्वतःच्याच घरात एवढा मूर्ख निघाला.

तिसऱ्या वाफेला मीच गॅस बंद केला. वरण छान शिजलं होतं.

गुरम्मा म्हणते, कानाच्या डॉक्टरकडं जाऊ. जाऊ. तोही काहीतरी वायर लावणार आणि पडद्यावरचे आकडे वाचून दाखवणार.


१९ मार्च, बुधवार

सकाळी म्हटलं, चहा घेऊन गॅरेजात ये.

"बंदी हाय न्हवं?"

"उठली."

भाजीचा एक टेम्पो आला होता. बॉनेट उघडलं, गुरम्माला कोपऱ्यातून बोलावून इंजिनाजवळ स्टुलावर बसवलं. टेम्पोवाला डोळे फाडून बघायला लागला. बघू दे, त्याला काय कळतंय.

गुरम्मा लाजली. "मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं मी बघतो. तुला ऐकू येतं तेवढं सांग."

तिनं डोळे मिटले. आधी हनुवटीच हलवली, मग आठवून तोंडानं बोलली, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. पट्टा चिरकतोय, उजवीकडं. मी हात लावला, सैल होता. आवळला. बेताचा आवळला.

टेम्पो गेल्यावर मी शिडी लावली. उमाशंकरनं खोट काढली नाही हे खरं, पण क्लॅम्प माझा होता आणि कानही माझेच. 'निदान फक्त कानावर' अशी पाटी दारावर ठेवून मी आता कुणाच्या तोंडाकडं बघणार होतो? पाना घेऊन वर चढलो. पहिला बोल्ट सुटला तशी गुरम्मा धावत आली.

"ओ, थांबा! महिनाभर हात लावू नका म्हणलं न्हवं का! मागं चिमणीनं घर केलंय. पिल्लं हायत. चार-पाच दिस झाले, दिसभर नुसता कलकलाट करून राहिलेत."

मी पाटी भिंतीपासून जरा ओढून मागं डोकावलो. गवताच्या काड्या, कापसाचा पुंजका, आणि त्यात चार उघड्या पिवळ्या चोची, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. चारही माना ताणून जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या. मला काहीही ऐकू येत नव्हतं.

बोल्ट पुन्हा लावला. खाली उतरवेना. शिडीवर तसाच उभा राहिलो, आणि गुरम्मा खालून मोठ्यानं सांगत राहिली: आता आई आली, आता गप झाले, आता उडाली, आता बगा पुन्हा सुरू झाले.